तरुण बास्केटबॉलपटू पुढे किती वाढेल हे कशावरून ओळखावे? (२०१३ च्या ड्राफ्टच्या निमित्ताने)

पहाटेचा प्रेक्षक (धागालेखक)

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने आपल्याकडे पहाटे उठून पाहणाऱ्यांमध्ये एक वाद दर हंगामात रंगतो. एकोणीस-वीस वर्षांचा एखादा नवा खेळाडू संघात येतो, पहिल्या काही महिन्यांत कधी चमकतो, कधी पार हरवून जातो, आणि मग तो पुढे मोठा होणार की आहे तेवढाच राहणार यावरून तट पडतात. एक बाजू सरासरी गुण पुढे करते, दुसरी उंची आणि उडी. मला दोन्ही अपुरे वाटतात. ते का, हे मांडण्यासाठी एकाच ड्राफ्टमधले (म्हणजे नवे खेळाडू संघांनी क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतले) दोन खेळाडू घेतो.

२०१३ च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाच्या वाट्याला अकराव्या क्रमांकावर मायकल कार्टर-विल्यम्स आला आणि मिलवॉकीने पंधराव्या क्रमांकावर यानिस आंतेतोकुम्पोला निवडले. कार्टर-विल्यम्सने पदार्पणातच गतविजेत्या मायामीविरुद्ध २२ गुण, १२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि ९ स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) अशी थक्क करणारी कामगिरी केली; हंगामाअखेर त्याची सरासरी १६.७ गुण, ६.२ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) आणि ६.३ असिस्ट होती आणि सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्यालाच मिळाला. यानिसची सरासरी होती ६.८ गुण. त्या वर्षी फक्त हे आकडे पाहून कोणी दोघांची तुलना केली असती, तर ती पाच मिनिटांत संपली असती. प्रत्यक्षात कार्टर-विल्यम्सला ती पहिल्या वर्षाची सरासरी पुढे कधीच ओलांडता आली नाही, आणि यानिस दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला व २०२१ मध्ये त्याने मिलवॉकीला विजेतेपद मिळवून दिले.

निकाल माहीत असताना शहाणपण सांगणे सोपे असते, म्हणून २०१४ च्या वसंतात जे दिसत होते तेवढ्यावरच मी माझा युक्तिवाद उभा करतो. पहिली गोष्ट वयाची. कार्टर-विल्यम्स सिराक्यूज विद्यापीठात दोन वर्षे खेळून आला होता आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच बावीस वर्षांचा झाला होता. यानिसने एकोणिसावे वर्ष डिसेंबरमध्ये, हंगाम चालू असताना पूर्ण केले, आणि त्याच्या आदल्या वर्षी तो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. या वयात तीन वर्षांचे अंतर फार मोठे असते, आणि ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीतून थेट एनबीएत आलेल्या मुलाला रोज चोवीस-पंचवीस मिनिटे मैदानावर ठेवता येते, हीच मुळात मोठी बातमी होती.

दुसरी गोष्ट, ते गुण आले कुठून. फिलाडेल्फियाचा संघ त्या वर्षी लीगमधला सर्वांत वेगवान खेळ करत होता, म्हणजे प्रत्येक सामन्यात चढायांची संख्या जास्त होती, आणि चेंडू सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. संघ १९ सामने जिंकला आणि ६३ हरला, त्यातले २६ पराभव ओळीने. अशा संघात कोणाच्या तरी नावावर गुण लागणारच. कार्टर-विल्यम्सच्या फटक्यांची अचूकता ४०.५ टक्के होती, थ्री-पॉइंटरची (दूरच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांची) २६.४ टक्के, आणि सामन्यामागे साडेतीन वेळा तो चेंडू गमावत होता. त्याच्या वाट्याला आलेले काम फार मोठे होते, पण ते तो चांगले करत होता असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती आकड्यांत सापडत नाही. यानिसला त्या वर्षी काम दिले होते कोपऱ्यात उभे राहण्याचे. पण प्रतिस्पर्ध्याची चढाई सुरू झाली की तो अर्ध्या मैदानावरून मागे धावत येऊन लेअप (बास्केटजवळून टाकलेला फटका) फळीवर अडवायचा. रिबाउंड हातात आला की पॉइंट गार्डला (चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणाऱ्या खेळाडूला) शोधण्याऐवजी स्वतःच चेंडू पुढे न्यायचा आणि धावता धावता समोरच्या माणसाच्या डोक्यावरून पास द्यायचा. यात तो अनेकदा चुकायचा. तरीही कोणी न सांगता खेळाडू काय करायला जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यात किती कमी चुकतो, हे पाहणे मला वाढीची शक्यता जोखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. आपली मते वाचायला आवडतील.

आकडेमोड

लेख आवडला आणि वयाचा मुद्दा पूर्ण पटला. तिसऱ्या मुद्द्याबाबत मात्र मला शंका आहे, कारण ‘न सांगता केलेल्या गोष्टी’ नंतर आठवताना आपण यशस्वी खेळाडूच्याच आठवतो. न सांगता नको ते करणारे आणि त्यामुळेच संघाबाहेर गेलेले कितीतरी तरुण असतील, त्यांची चित्रफीत पुन्हा कोणी पाहायला जात नाही.

आकड्यांतही नीट निवड केली तर पुढचे काही दिसते, असे माझे म्हणणे आहे. यानिसचेच उदाहरण घ्या. पहिल्या हंगामात त्याने ११८ पैकी ४१ थ्री-पॉइंटर टाकले, म्हणजे जवळजवळ ३५ टक्के. तेवढे पाहून हा उंच मुलगा पुढे चांगला नेमबाज होईल असे कोणालाही वाटले असते. दुसऱ्या हंगामात तोच आकडा १६ टक्क्यांखाली गेला. शे-सव्वाशे फटक्यांवरून नेमबाजीचा निष्कर्ष काढता येत नाही. फ्री-थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) त्याहून बरे सांगतात, कारण तिथे समोर कोणी नसते, अंतर ठरलेले असते आणि हाताची मूळ लय तेवढी उरते. यानिस तेव्हा फ्री-थ्रो ६८ टक्क्यांच्या आसपास टाकत होता, आणि त्याच्या नेमबाजीचे पुढे जे झाले ते त्या आकड्याशी जुळणारेच आहे.

मार्केल फुल्ट्झचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१७ मध्ये फिलाडेल्फियाने बॉस्टनशी अदलाबदल करून पहिला क्रमांक मिळवला आणि त्याला घेतले. विद्यापीठात त्याची थ्री-पॉइंटरची अचूकता ४१ टक्के होती आणि त्यावर सगळे खूश होते. फ्री-थ्रोची मात्र ६५ टक्क्यांहूनही किंचित कमी होती. पुढे त्याच्या खांद्याजवळच्या नसांवर दाब येण्याच्या विकाराचे निदान झाले, त्यामुळे त्याच्या घसरणीला केवळ नेमबाजी जबाबदार होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण निवडीच्या दिवशी हाती असलेल्या दोन आकड्यांपैकी एक धोक्याची सूचना देत होता आणि दुसऱ्यावरच सगळ्यांचे लक्ष होते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

जिल्हा प्रशिक्षक, नागपूर

मी व्यावसायिक खेळाडू घडवलेले नाहीत, पण सोळा ते एकवीस वयाची मुले बरीच वर्षे शिकवत आलो आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

लवकर वाढलेला मुलगा कुमार गटात सर्वांना भारी पडतो. त्याला ड्रिबलची गरज पडत नाही, पास देण्याची गरज पडत नाही. बास्केटखाली उभे राहून हात वर केले की काम होते. पालक आणि निवड समित्या अशा मुलांवर भाळतात. तीन-चार वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे होतात आणि तेव्हा कळते की उंचीने त्याला काही शिकूच दिले नाही. याउलट जो मुलगा आधी बुटका होता, गार्ड म्हणून खेळला आणि नंतर वाढला, त्याच्याकडे लहानांचे कौशल्य आणि मोठ्यांचे शरीर दोन्ही येते. यानिस ड्राफ्टनंतरही सहा फूट नऊ इंचांवरून सहा फूट अकरापर्यंत वाढला हे आपण सारे जाणतो, पण चेंडू पुढे नेण्याची सवय त्याला ती उंची येण्याआधीच लागलेली होती.

मी स्वतः काय पाहतो ते सांगतो. मुलाकडे पास येत असताना चेंडू अजून हवेत आहे, तेव्हा त्याची नजर कुठे जाते? बहुतेकांची चेंडूवरच खिळलेली असते. चेंडू हातात आला की ते थांबतात, एक ड्रिबल उगाचच मारतात आणि मग मान वर करून विचार सुरू करतात. तोवर बचाव जागेवर आलेला असतो. काही मोजकी मुले चेंडू येण्याआधी क्षणभर बाजूला पाहून घेतात आणि चेंडू हाताला लागतो तेव्हा त्यांचा पाय आधीच वळलेला असतो. हा अर्धा सेकंद शिकवून काही प्रमाणात येतो, पण ज्याला तो मुळातच असतो त्याच्यापर्यंत दुसरा सहसा पोहोचत नाही. पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या डेन्व्हरच्या योकिचला २०१४ मध्ये एक्केचाळिसाव्या क्रमांकापर्यंत कोणी घेतले नाही, कारण तो जाडजूड होता आणि उडी मारत नव्हता. त्याचा हा अर्धा सेकंद मात्र तेव्हाही दिसत असणार.

एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, आपल्या सतनाम सिंगबद्दलही माझे हेच मत आहे. सात फूट दोन इंच उंची होती, मेहनत होती, पण खेळाची घाई त्याच्या पायांना झेपली नाही.

फ्रिस्कोकर

सरांचे निरीक्षण मोलाचे आहे, पण सतनामबद्दलचे शेवटचे वाक्य मला अपुरे वाटते. मी टेक्सासमधील फ्रिस्को येथे राहतो. डॅलसने २०१५ मध्ये बावन्नाव्या क्रमांकावर निवडल्यानंतर सतनाम ज्या टेक्सास लेजंड्स या डॅलसच्या दुय्यम संघाकडून दोन हंगाम खेळला, त्याचे घरचे मैदान आमच्याच गावात आहे. त्याच्यासाठी म्हणून सामन्यांना येणारी भारतीय कुटुंबे, त्यात आम्ही मराठीही, बहुतेक वेळ त्याला बाकावर बसलेला पाहून परतायची. तो मैदानात यायचा तो बहुधा निकाल लागून गेल्यावर, आणि अशा मिनिटांत कोणीच नीट पास देत नाही. जो तो स्वतःचे गुण वाढवण्याच्या मागे असतो. त्यातून खेळाडूबद्दल काय कळणार?

दुसरे म्हणजे, तो आला ते वर्षच त्याच्या विरोधात होते. ड्राफ्टच्या जेमतेम दहा दिवस आधी गोल्डन स्टेटने विजेतेपद मिळवले होते, तेही अंतिम मालिकेत नेहमीचा सेंटर (बास्केटखालचा उंच खेळाडू) बाजूला ठेवून आणि तुलनेने बुटक्या ड्रेमंड ग्रीनला त्या जागी खेळवून. तिथून पुढे प्रत्येक संघाला असा उंच माणूस हवा होता जो थ्री-पॉइंट रेषेपर्यंत बाहेर येऊन गार्डला रोखू शकेल. वीस वर्षांपूर्वी सतनामसारख्या देहाच्या खेळाडूला तीन-चार वर्षे सांभाळून घडवणारा संघ मिळाला असता. पंजाबातल्या बल्लो के गावातून चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत गेलेला मुलगा भाषा, आहार आणि खेळ एकाच वेळी शिकत होता, हे विसरून त्याच्या पायांवर शेरा मारणे मला पटत नाही. शिकण्याचा त्याचा वेग आपण कधी पाहिलाच नाही; त्याच्या वाट्याला आलेली भूमिका तेवढी पाहिली.

डॅलसमध्येच याची दुसरी बाजूही आम्हाला दिसली. लुका डॉन्चिच २०१८ मध्ये आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि रियाल माद्रिदकडून युरोलीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकून, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरून आला होता. तरीही त्याच्यात वाढायला फारशी जागा उरलेली नाही, तो आधीच तयार झालेला आहे आणि त्याची चपळता बेताची आहे असा आक्षेप अनेकांनी घेतला, आणि दोन संघांनी त्याच्याआधी दुसऱ्या खेळाडूंना पसंती दिली. जो लवकर शिकला त्याचे शिकणे आता संपले असणार, असे लोक का गृहीत धरतात हे मला आजवर कळलेले नाही.

जिल्हा प्रशिक्षक, नागपूर

फ्रिस्कोकर, लेजंड्सचे सामने मी पाहिलेले नाहीत. बाकावरच्या खेळाडूचे पाय जोखता येत नाहीत हे आपले म्हणणे रास्त आहे.

पहाटेचा प्रेक्षक (धागालेखक)

आकडेमोड, तुमचा फ्री-थ्रोचा निकष मी मान्य करतो, पण तो एका मर्यादेपर्यंतच नेतो. यानिसची नेमबाजी सुधारली नाही हे खरे. आणि नेमबाजी न सुधारताही तो जगातला सर्वोत्तम खेळाडू झाला, हेही तितकेच खरे. त्यामुळे तरुण खेळाडूतील उणीव पाहताना ती भरून निघेल का, एवढेच विचारून भागत नाही. ती उणीव त्याच्या मुख्य बळाच्या आड येते का, हे विचारावे लागते.

कार्टर-विल्यम्सच्या बाबतीत ती आड येत होती. तो पॉइंट गार्ड. त्याचा फटका लागत नाही म्हटल्यावर बचाव करणारा दोन पावले मागे उभा राहायचा, आणि तेवढ्याने त्याची पास देण्याची वाटच बंद व्हायची. यानिसच्या समोरही बचाव मागे उभा राहतो, पण त्या दोन पावलांच्या मोकळ्या जागेत त्याची लांब ढांग वेग घेते आणि पुढच्या दोन पावलांत तो बास्केटपाशी असतो. कमतरता एकच, पण शरीर वेगळे असल्याने परिणाम उलटा झाला. २०१९ मध्ये टोरंटोने आणि २०२० मध्ये मायामीने तिघा-तिघांची भिंत उभी करून तीही वाट अडवली आणि मिलवॉकी हरली, त्यामुळे उणीव फुकट गेली असेही नाही. २०२१ च्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) तो फ्री-थ्रो साठ टक्क्यांहूनही कमी टाकत होता आणि परक्या मैदानांवर प्रेक्षक फ्री-थ्रोसाठी मिळणारे त्याचे दहा सेकंद मोठ्याने मोजत होते. अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात मात्र १९ पैकी १७ फ्री-थ्रो त्याने टाकले आणि ५० गुणांसह विजेतेपद मिळवले.

नेमबाजी शिकवून येते का, याचे उत्तर दुसऱ्या बाजूने कवाय लेनर्ड देतो. विद्यापीठात त्याचे थ्री-पॉइंटर पहिल्या वर्षी वीस आणि दुसऱ्या वर्षी एकोणतीस टक्क्यांच्या आसपास होते. सॅन अँटोनियोने २०११ मध्ये जॉर्ज हिलसारखा जम बसलेला खेळाडू देऊन त्याला घेतले आणि चिप एंगलँड या नेमबाजीच्या प्रशिक्षकाच्या हाती दिले. चेंडू हातातून सुटण्याची जागा बदलली आणि पहिल्याच हंगामात तो ३७ टक्क्यांवर गेला. त्याचे फ्री-थ्रो विद्यापीठातही तुलनेने चांगले होते, म्हणजे तुमचा निकष इथे टिकतो. पण तो निकष ज्याला वाचता आला आणि वाचून त्यावर काम करता आले, असा संघ त्याला मिळाला म्हणून ते घडले.

संधीचा मुद्दा यानिसलाही लागू आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत मिलवॉकीने कार्टर-विल्यम्सलाच आपल्या संघात आणले. वर्षभराने तो दुखापतींनी आणि खराब फॉर्मने मागे पडला, तेव्हा प्रशिक्षक जेसन किड यांनी चेंडू यानिसच्या हाती दिला आणि सहा फूट अकरा इंचांच्या माणसाला पॉइंट गार्डचे काम करू दिले. त्या दोन महिन्यांत त्याने पाच ट्रिपल-डबल (एकाच सामन्यात तीन बाबतींत दुहेरी आकडा) केले. पुढच्या हंगामात गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक या पाचही बाबतींत तो संघात पहिला होता. पहिल्या वर्षी कोपऱ्यात उभे केलेले असताना जे तो आपणहून करायला जात होता, तेच आता त्याचे अधिकृत काम झाले होते.

नवा वाचक

मग वयाचा निकष किती कठोरपणे लावावा? एकोणीस आणि बावीस असे दोघे समोर असतील तर डोळे झाकून धाकटा निवडावा का?

आकडेमोड

डोळे झाकून मुळीच नाही, आणि याचे उदाहरण या धाग्यातल्याच व्यवहाराच्या पुढे सापडते. कार्टर-विल्यम्सला दिल्याबद्दल फिलाडेल्फियाला लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचा, पुढच्या काळातल्या ड्राफ्टमध्ये निवड करण्याचा एक हक्क मिळाला. सर्वोत्तम नवोदिताला दुसऱ्याच हंगामात देऊन टाकले म्हणून तेव्हा त्यांच्यावर बरीच टीका झाली, पण वयाचा आणि फटक्याचा विचार करता तो निर्णय बरोबर होता. तो हक्क २०१८ मध्ये दहाव्या क्रमांकाचा निघाला आणि त्यावर त्यांनी मिकाल ब्रिजेसला निवडले. ब्रिजेस व्हिलानोव्हा विद्यापीठात तीन हंगाम खेळलेला होता आणि बाविशीला टेकलेला. त्याच रात्री फिलाडेल्फियाने त्याला फिनिक्सला दिले आणि बदल्यात एकोणीस वर्षांचा, अफाट उडी असलेला झायर स्मिथ आणि पुढचा आणखी एक हक्क घेतला. धाकट्यात वाढायला जागा जास्त, हाही त्यामागचा एक विचार होता.

स्मिथचे पाऊल मोडले, मग तिळाच्या ॲलर्जीने तो गंभीर आजारी पडला, आणि दोन हंगामांत मिळून फिलाडेल्फियाकडून त्याचे फक्त १३ सामने झाले. हे दुर्दैव होते. निकषाचा दोष मानता येणार नाही. पण ब्रिजेसबाबत ‘जे आहे ते एवढेच’ हा जो अंदाज होता, तो तर सरळ चुकला. पहिल्या हंगामात त्याची सरासरी ८.३ गुण होती आणि फिनिक्समध्ये त्याचे काम मुख्यतः बचावाचे आणि कोपऱ्यातून फटके मारण्याचे होते. २०२३ च्या फेब्रुवारीत केव्हिन ड्युरँट या बड्या खेळाडूच्या अदलाबदलीत तो ब्रुकलिनला गेला, तिथे चेंडू त्याच्या हाती आला आणि हंगामाच्या उरलेल्या २७ सामन्यांत त्याने सरासरी २६.१ गुण केले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

पहाटेचा प्रेक्षक (धागालेखक)

ब्रिजेसचे उदाहरण चपखल आहे. मात्र पुढच्या पूर्ण हंगामात ब्रुकलिनमध्येच त्याची सरासरी वीसच्या खाली आली, कारण प्रतिस्पर्ध्यांनी आपला सर्वोत्तम बचावपटू त्याच्यावर लावायला सुरुवात केली. म्हणून नव्या भूमिकेतले पहिले पंचवीस-तीस सामने पाहून मी मत बनवणार नाही. दुसऱ्यांदा समोर आलेला संघ त्याची आवडती बाजू बंद करतो, तेव्हा तो दुसऱ्या बाजूने काय काढतो, त्यासाठी थांबेन.